इस्त्री केलेले भूकंप

वेधशाळेच्या माळ्याने त्यांना भिंगबाई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे त्या भिंगबाईच झाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षं ही बाई डावा डोळा मिटून आणि उजवा भिंगाला लावून भूकंप वाचत होती.

भूकंप वाचणं म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावून समजावून त्या कंटाळल्या होत्या. "तुम्हाला भूकंप आधी कळतो का हो?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "नाही. नंतर कळतो. तोही कागद वाळल्यावर."

हे अगदी खरं होतं. गावाबाहेरच्या टेकाडात एक खोली खणलेली होती. आत जायला एकामागे एक दोन दारं, म्हणजे बाहेरचा उजेड शिरायला नको. आत तांबडा दिवा, एक जड लोलक आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला फोटोचा कागद. जमीन हलली की लोलकावरच्या आरशातून पडणारा उजेडाचा ठिपका हले आणि कागदावर रेघ वेडीवाकडी होई. दर मिनिटाला घड्याळ त्या रेघेत एक बारीक खाच पाडी. साठ मिलिमीटर म्हणजे एक मिनिट, एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. रोज सकाळी आठला कालचा कागद काढायचा, औषधात बुडवायचा, धुवायचा, दोरीला चिमटे लावून वाळत घालायचा आणि मग टेबलावर पसरून कोणती लाट किती वाजून किती सेकंदांनी आली ते वहीत लिहायचं. एवढंच काम. त्यात डोळे जात आणि मान धरे.

भिंगबाई तिथे आल्या टंकलेखक म्हणून. वाचणारा माणूस आजारी पडला, कागद साठायला लागले, तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, "डोळे बरे आहेत का?"

"बरे आहेत."

"बसा मग."

हे त्यांचं प्रशिक्षण. पण बाई हट्टी. सेकंदाचा दहावा भाग कुणी मागत नसे, त्या लिहीत. मिलिमीटर मोजून त्या कधी वाचत नसत. खाचेपासून खाचेपर्यंत वाचत, आणि दोन खाचांमधलं अंतर प्रत्येक वेळी नव्याने मोजत. पाच-सात वर्षांत असं झालं की परक्या वेधशाळेतून एक पत्र आलं: तुमच्याकडच्या बाईंचा सेकंद आम्ही तपासत नाही, तसाच वापरतो. ते पत्र साहेबांनी त्यांना दिलं. त्यांनी ते घरी कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं. फ्रेम वगैरे केली नाही. पण वर्षातून एकदा कपाट आवरताना त्या ते वाचत, आणि कपाट गरजेपेक्षा जास्त वेळा आवरत.

आता त्यांची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं पुढे तिच्यावर येणार आहे.

मोठा भूकंप झाला की त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून आरपार जाते, पलीकडच्या जमिनीला आतून धडकते आणि परत फिरते. ही परतलेली लाट भूकंपानंतर साधारण चाळीस मिनिटांनी कागदावर उमटे. तिची वेळ वाचणं कामात मोडत होतं. पण कधीतरी, शंभरातल्या एखाद्या कागदावर, ती यायच्या अडीच मिनिटं आधी रेघ जराशी थरथरलेली दिसे. इतकी थोडी, की दुसरा कुणी म्हणाला असता बाहेरून ट्रक गेला. भिंगबाईंनी ट्रक पुष्कळ पाहिले होते. हा ट्रक नव्हता. ट्रक दर वेळी अडीच मिनिटं आधी कसा जाईल?

त्यांनी मोठ्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बाई, जे विचारलंय तेवढं वाचा."

तेवढं वाचून झालं की त्या पेन्सिलीने समासात एक छोटी फुली करत. स्वतःशी त्या थरथरीला त्यांनी नावही ठेवलं होतं: घाईचे पाहुणे. सातला बोलवावं तर साडेचारला दारात उभे, तसले. एकतीस वर्षांत अशा दोनशे चौदा फुल्या झाल्या. ते पाहुणे कुठून येतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्या निवृत्त झाल्या.

*

निवृत्तीनंतर नवव्या वर्षी, एका सकाळी फोन आला. पलीकडे तरुण बाईचा आवाज. "समासातल्या फुल्या तुमच्या का?"

भिंगबाईंनी गॅस बंद केला. "कोणत्या फुल्या?" त्या म्हणाल्या, पण उगाच. त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"दोनशे चौदा आहेत. मी मोजल्या."

"येते," भिंगबाई म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "अगं, कुठे?"

"पाहुणे आलेत."

"मग घरात थांबायचं की बाहेर जायचं?"

त्याला उत्तर द्यायला त्या थांबल्या नाहीत.

वेधशाळेतलं दप्तर तळमजल्यावर होतं. दारावर जुनी पाटी तशीच: कोणतीही नोंद या इमारतीबाहेर जाणार नाही. आत लोखंडी खण, खणांत कागद, आणि सगळ्यावर राखण करणारा दप्तरी. नव्या संशोधक बाईने तिथलं मोठं टेबल बळकावलं होतं. ती काम करायची खनिजांवर, म्हणून भिंगबाईंनी तिला मनातल्या मनात खनिजवाली करून टाकलं.

"या काकू," खनिजवाली उठून म्हणाली.

"काकू नको. तुझ्या काकाशी माझी ओळखही नाही. बाई म्हण. आणि आधी सांग, ते कोण आहेत?"

खनिजवालीने विचारलं नाही की कोण कोण. तिथेच ती भिंगबाईंना आवडली. तिने पिशवीतून काचेची छोटी डबी काढली. आत वाटाण्याएवढा हिरवा खडा.

"ऑलिव्हिन. आपल्या पायाखाली, बऱ्याच खोलवर, खडक मुख्यतः ह्याचा. चारशे किलोमीटर खाली गेलं की वरचा भार इतका होतो की ह्याला ह्या रूपात राहणं जमत नाही. अणू जवळ सरकतात, वेगळं खनिज तयार होतं. सहाशे साठला पुन्हा तेच, आणि तिथे तर एकाची दोन होतात."

"वितळतं?"

"नाही, घट्टच राहतं."

"वजन वाढतं?"

"तेवढंच. फक्त जागा कमी घेतं."

"आणि हे तू खाली जाऊन बघितलंस?"

खनिजवाली हसली. "दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये ह्याचा कण धरून दाबते. वरून तापवते. किती दाबाला, किती उष्णतेला बदलतो ते बघते. पण खाली खरंच तसंच होतं का, हे लाटाच सांगतात. खनिज बदललं की लाटेचा वेग बदलतो. मग बरीचशी लाट पुढे जाते आणि थोडी सहाशे साठच्या त्या पायरीवरूनच परत फिरते. जी जमिनीपर्यंत गेलीच नाही, तिची जाऊन येऊन तेराशे किलोमीटरची पायपीट वाचली. म्हणून ती…"

"अडीच मिनिटं लवकर येते," भिंगबाई म्हणाल्या. "घाईचे पाहुणे म्हणते मी त्यांना."

त्या खुर्चीवर बसल्या. डबी हातात घेतली, खडा उजेडाकडे धरला. एकतीस वर्षं ज्यांना समासात उभं करून ठेवलं, त्यांचा पत्ता आज कळला होता. मोठ्या साहेबांना कळवावं असं त्यांना फार वाटलं, पण साहेब वारले होते. नाहीतर दोन शब्द ऐकवले असते.

खनिजवाली भराभरा सांगत होती. खालचा खडक गरम असेल तर सहाशे साठची पायरी वर सरकते. थंड असेल तर खाली जाते. म्हणजे पाहुणे किती आधी आले ते नीट मोजलं, की पायरी कुठे आहे ते कळतं आणि त्यावरून तिथली उष्णता.

"थर्मामीटरच की."

"तोच. आणि बाई, मला तुमच्या कागदांत एक जागा सापडलीय. एका लांबच्या समुद्राखाली. तिथल्या अकरा कागदांवर पाहुणे फक्त एकशे सत्तेचाळीस सेकंद आधी आलेत. सगळीकडे दीडशे असताना. तीन सेकंद म्हणजे पायरी पंधरा किलोमीटर वर. तिथे खाली काहीतरी गरम आहे. खालून वर येतंय. पुढच्या आठवड्यात परिषदेत हेच मांडायचंय. तीन वर्षं घालवली मी ह्याच्यावर."

"सगळे अकरा?"

"चौदा होते. तीन कागदांवर, त्याच समुद्राच्या पूर्वेला, साधे दीडशे आले. ते वाईट उमटलेत म्हणून बाजूला काढले."

"माझा कागद वाईट उमटलेला?" भिंगबाईंचा आवाज चढला. "दाखव."

तिने चौदाही कागद पुढ्यात ठेवले. भिंगबाईंनी पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या डावा वापरत. पहिला कागद पाहिला, दुसरा, तिसरा. उमटलेले अगदी स्वच्छ होते. पण त्यांचा डोळा रेघेवर फार वेळ राहिलाच नाही. तो गेला कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे पेन्सिलीचा एक ठिपका होता. दुसऱ्यावरही होता. चौदाही कागदांवर होता.

भिंगबाईंनी भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं. "डोळा दुखतोय. उद्या येते," असं म्हणून त्या उठल्या. दारावरच्या पाटीकडे त्यांनी बघितलं नाही.

*

तो ठिपका त्यांनीच दिलेला होता.

नोकरीच्या अकराव्या वर्षी वेधशाळेतलं कागद सपाट करायचं दाबयंत्र मोडलं. वाळलेले कागद वळायला लागले, खण मिटेनात. मोठे साहेब रोज ओरडायचे की हे कागद आहेत की कुत्र्याची शेपटं. दुरुस्तीचा अर्ज वरच्या कचेरीत गेला आणि तिथे दोन वर्षं झोपला. अशा वेळी ज्या बाईच्या नवऱ्याचं धुलाईचं दुकान आहे, आणि घर त्याच दुकानाच्या वर आहे, ती दुसरं काय करणार? शनिवारी आठवड्याचे कागद धुतलेल्या चादरीत गुंडाळून त्या घरी नेत. नवरा लांब टेबलावर जाड कांबळं अंथरे, बाटलीच्या झाकणाच्या भोकांतून पाणी शिंपडे, वर ओलं फडकं टाकी आणि सात किलोची इस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात नेई. सोमवारी कागद परत. परत आलेला कागद मोजून घेता यावा म्हणून कोपऱ्यात ठिपका. साहेब खूश झाले, कसं जमवलं ते विचारलं नाही. म्हणाले, बाई, दाबयंत्राची गरजच काय आपल्याला. बाईंनी मान डोलावली, आणि दोन वर्षं पाटीचा नियम मोडून एक अक्षर कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "अहो, इस्त्रीने कागद आटतो का?"

नवऱ्याने दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण असा प्रश्न त्याला झोपेत विचारला तरी राग आला असता. "माझ्या इस्त्रीखाली चाळीस वर्षांत काही आटलेलं नाही."

"कापडाचं नाही विचारत."

"मग काय विचारतेस? आधी पाणी मारून, फडकं टाकून, उभं इस्त्री केलं की काय होतं? सरळ होतं."

भिंगबाई स्वयंपाकघरात गेल्या. वेधशाळेने टाकून दिलेले जुने कोरे फोटोचे कागद त्यांनी फडताळात अंथरले होते. बरण्या उतरवून त्यांनी त्यातला एक काढला, धुऊन दोरीवर टाकला. दुपारी तो वाळला तेव्हा पट्टी लावून दोन टोकांना दोन रेघा मारल्या. मधे बरोबर तीनशे मिलिमीटर.

"करा," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने माळ्यावरून इस्त्री काढली. कांबळं अंथरलं. बाटली भरली. बरेच दिवसांनी हातात काम आल्यामुळे तो जरा ताठ उभा राहिला होता. पाणी, फडकं, आणि एका दमात सरळ. वाफ निघाली. कागद पाटासारखा सपाट झाला.

"बघ," तो म्हणाला.

भिंगबाईंनी पट्टी लावली. भिंग लावलं. मग पट्टी उलट करून पुन्हा लावली. "दोनशे चौऱ्याण्णव."

"नीट बघ."

"चाळीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"

नवऱ्याने स्वतः पट्टी लावली. चष्मा पुसला, पुन्हा लावली. मग म्हणाला, "सुती असतं तर मी आधीच सांगितलं असतं."

हिशेब सोपा होता, आणि भिंगबाईंनी तो पट्टी खाली ठेवायच्या आत केला होता. शंभराला दोन. दीडशे मिलिमीटरचे एकशे सत्तेचाळीस. आणि त्या दोन वर्षांतल्या फुल्या या चौदाच कागदांवर होत्या. लांबच्या समुद्राखाली काही गरम नव्हतं. गरम होती ती सात किलोची इस्त्री.

"तिला कोण सांगणार आहे?" नवरा म्हणाला. "तुझ्या माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना."

"तू नियम मोडलास असं लिहितील. एकतीस वर्षांचं नाव जाईल तुझं. ते पत्र येतं का कुणाला असं?"

भिंगबाईंनी बरण्या परत फडताळात लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या वेधशाळेत गेल्या नाहीत. डोळा दुखतोय असं फोनवर सांगितलं. कपाट आवरायला काढलं. पत्र हाताला लागलं, वाचलं नाही. बाईंचा सेकंद आम्ही तपासत नाही. आणि तपासला तर?

पण खरं सांगायचं तर त्यांना दिवसभर छळलं ते पत्राने नाही. छळलं त्या तीन कागदांनी. ते तीनही ठिपक्याचे होते. तेही आटलेले. म्हणजे आटून दीडशे. मग मूळ किती होते? एकशे त्रेपन्न. आणि एकशे त्रेपन्न म्हणजे पायरी खाली. म्हणजे थंड. पण खरंच एकशे त्रेपन्न, की तिथे इस्त्री जरा वेगळी फिरली? नुसत्या अंदाजाने हे कळणार नव्हतं. कागद पुढ्यात घेऊन, खाचेपासून खाचेपर्यंत, नव्याने मोजायला हवं होतं. गप्प बसलं तर नाव राहील, आणि हे मात्र मरेपर्यंत कळणार नाही. भिंगबाईंनी संध्याकाळपर्यंत दोन्ही गोष्टी तोलल्या. नाव हलकं भरलं.

"उद्या मला डबा लागेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उशीर होईल."

*

खनिजवालीने सगळं ऐकून घेतलं. इस्त्री केलेला कोरा कागद पट्टीसकट टेबलावर होता. तिने स्वतः मोजलं. मग बाहेर गेली आणि व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी राहिली. दप्तरी कपाटाआडून सगळं ऐकत होता. तो भिंगबाईंना हळूच म्हणाला, "रडतेय वाटतं."

"रडू दे. तीन वर्षं म्हणजे काय थोडी आहेत?"

ती परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण आवाज ठीक होता. "परवा सांगितलं असतंत तर?"

"परवा धीर नव्हता. काल कपाट आवरलं. आज आले." भिंगबाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. "पण मला एक सांग, तू मिलिमीटर का मोजलेस? दर मिनिटाला खाच आहे रेघेत. कागद आटला तर खाचाही जवळ येतात. खाचांवरून मोजलं असतंस तर इस्त्री काय, वरवंटा फिरवला असता तरी फरक पडला नसता."

खनिजवाली म्हणाली, "कागदांचे फोटो काढून संगणकात घातले. त्या खाचा रेघेच्या मधेमधे येत होत्या. म्हणून प्रोग्रामने त्या पुसून टाकल्या. वेग तुमच्या वहीतून घेतला, साठ मिलिमीटरला मिनिट."

"पुसल्या?"

"हो."

"अगं बाई, मग मी घड्याळ कशाला लावत होते रोज?"

दप्तऱ्याला हसू आलं. त्याच्याकडे बघून खनिजवालीलाही आलं, आणि मग ती खुर्ची ओढून बसली. "म्हणजे चूक दोघींची."

"माझी मोठी," भिंगबाई म्हणाल्या. "पण तुझी जास्त मूर्खपणाची. आण ते चौदा."

दोन दिवस लागले. एक कागद दोघींनी वेगवेगळा मोजायचा, आकडा एकमेकींना दाखवायचा नाही, चिठ्ठीवर लिहून ती उपडी ठेवायची, ही पद्धत भिंगबाईंची. खनिजवाली आधी सेकंदभर इकडेतिकडे जाई. भिंगबाई तिला म्हणत, "श्वास सोड, मग वाच. लाट कुठे पळून जात नाही." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या आणि बाईंच्या चिठ्ठ्या सेकंदाच्या दोन दहाव्या भागांत जुळायला लागल्या.

अकरा कागद आधी संपले. दीडशे. एकशे एकोणपन्नास पूर्णांक आठ. दीडशे. दीडशे पूर्णांक एक. समुद्राखालचा गरम ढग एकेक चिठ्ठीसरशी निवत गेला. खनिजवालीने शेवटची चिठ्ठी उलटली आणि म्हणाली, "संपलं. साधी जागा आहे."

"तीन राहिलेत."

"ते तर मी…"

"वाईट उमटलेले म्हणून काढलेस. माहीत आहे. वाच."

पहिला वाचला. दोघींनी चिठ्ठ्या उलटल्या. एकशे त्रेपन्न. एकशे त्रेपन्न पूर्णांक दोन. खनिजवालीने भिंगबाईंकडे बघितलं, भिंगबाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. एकशे बावन्न पूर्णांक नऊ, दोघींचे. तिसरा वाचताना खनिजवाली श्वास सोडायला विसरली, आणि तिला पुन्हा वाचायला लावलं. एकशे त्रेपन्न.

"पायरी पंधरा किलोमीटर खाली," ती हळूच म्हणाली. "तिथे थंड आहे. फार थंड. तिथे कधीकाळी वरचा समुद्रतळ खाली सरकत गेला असेल, अजून तापलेला नसेल. अहो, मी हेच तीन फेकले होते."

"तीनच आहेत," भिंगबाई म्हणाल्या. "तिनावर बोंब ठोकू नकोस. एकदा ठोकलीस."

"परिषदेत काय सांगू मग?"

"हेच सांग. इस्त्रीसकट."

संध्याकाळी निघायच्या आधी भिंगबाईंनी दप्तऱ्याकडे त्या दोन वर्षांची वही मागितली. त्यांच्याच अक्षरातली, त्यांच्याच सेकंदांनी भरलेली. पहिल्या पानावर वर मोकळी जागा होती. त्यांनी तिथे शाईच्या पेनाने लिहिलं: या दोन वर्षांतले, कोपऱ्यात ठिपका असलेले कागद मी नियम मोडून घरी नेले आणि इस्त्री करून आणले. ते शंभराला दोनप्रमाणे आटले आहेत. मिलिमीटर मोजू नयेत. खाचांवरून वाचावे. खाली सही, तारीख.

दप्तऱ्याने वाचलं. दारावरच्या पाटीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "बाई, शाईचं आहे. हे आता खोडता येणार नाही."

"पेन्सिल होती की माझ्याकडे," भिंगबाई म्हणाल्या.

घरी नवरा वाट बघत होता. विचारायचं होतं पण विचारत नव्हता. त्यांनी हात धुतले, बसल्या, आणि सगळं सांगितलं. तीन कागद, थंड जागा, खडकाचं एकाचं दुसरं होणं. नवऱ्याला इस्त्रीच्या पुढचं एवढं कळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"वजन तेवढंच म्हणतेस?" त्याने विचारलं.

"तेवढंच."

"माल तोच, जागा कमी?"

"हो."

"मग घडी बदलली," नवरा म्हणाला. "वीस शर्ट नुसते टाकले तर टोपलीत मावत नाहीत. वर भार ठेवून घडी करून रचले तर निम्म्या जागेत बसतात. शर्ट तेच. त्यात एवढं नवल काय?"

भिंगबाईंनी त्याच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं मोठ्या साहेबांच्या हाताखाली काढली, आणि उत्तर खालच्या दुकानात होतं. "मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "गरम असेल तर सहाशे साठची घडी वर पडते, थंड असेल तर खाली. असं का?"

नवरा विचारात पडला. जेवताना तो अधूनमधून थांबत होता. "ते मला नाही सांगता येणार," शेवटी म्हणाला. "तिला विचार."

"विचारणारच आहे. उद्या सकाळी आठला जाते. दोनशे फुल्या राहिल्यात अजून, आणि तिने सगळ्याच मिलिमीटरने मोजल्यात."